बेसिन कुठं आहे?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांना त्यांच्या हयातीत नावानं हाक मारायची आमची कुणाची टाप नव्हती. आजही जीभ वळत नाही. त्यामुळे मी त्यांना मेट्रनबाईच म्हणणार आहे. मी सरकारी नोकरीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, काही वर्षं नांदेड जिल्ह्यात, काही लातूर जिल्ह्यात. त्यातली बरीचशी वर्षं बाईंच्या नजरेच्या टप्प्यात गेली. माझ्याकडे सूक्ष्मदर्शक होता, त्यांच्याकडे नुसते डोळे होते. वॉर्डात काय चाललंय ते मात्र त्यांना माझ्या आधी कळायचं.

नवीन वॉर्ड ताब्यात आला की त्या खाटा मोजायच्या नाहीत, कपाटं उघडायच्या नाहीत. दारात उभं राहून विचारायच्या, "बेसिन कुठं आहे?" कुणीतरी बोट दाखवायचं. मग त्या शेवटच्या खाटेपाशी जायच्या आणि तिथून बेसिनपर्यंत चालत यायच्या, पावलं मोजत. बावीस पावलं निघाली की म्हणायच्या, "म्हणजे कुणी धुणार नाही." पुढं बोलणं नाही. कुणाला रागावणं नाही. आमच्यातल्या हुशार मंडळींना तेव्हा हा बाईंचा चक्रमपणा वाटायचा. मी त्या हुशार मंडळींतच होते.

आज सकाळी नांदेडहून निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत इथं लातूरला पोचेपर्यंत वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. ही दोन शहरं विभागीय आयुक्तालयावरून वर्षानुवर्षं भांडली, पण बेसिनच्या बाबतीत दोघांचं अगदी एकमत आहे. दोन्हीकडे ते वॉर्डाच्या टोकाला, दाराआड, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून असतं. नळजोडणी तिथंच असते ना. इमारत बांधणाऱ्यानं पाइप वाचवला. त्याची किंमत पुढची पन्नास वर्षं कोण मोजतं, हे नकाशावर दिसत नाही.

नांदेडचा विषय निघाला की सगळ्यांना २०२३चा ऑक्टोबर आठवतो, तेव्हा तो टाळण्यात अर्थ नाही. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या त्या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आणखी ७ जण गेले आणि अठ्ठेचाळीस तासांचा आकडा ३१ झाला. रुग्णालयाचं म्हणणं होतं, बाळं कमी वजनाची होती, कितीतरी शेवटच्या क्षणी दुसरीकडून पाठवलेली होती, औषधांचा तुटवडा नव्हता. मंजूर खाटांपेक्षा रुग्ण किती जास्त होते हे तर डोळ्यांनी दिसत होतं. मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. त्या मृत्यूंचा ठपका मी आज हातांवर ठेवायला आलेली नाही. तसं करणं खोटेपणाचं होईल.

मला त्यातलं दुसरंच एक दृश्य बोलायचं आहे. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार रुग्णालयात आले, स्वच्छतागृहं घाण दिसली, आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती ब्रश देऊन त्यांना ती साफ करायला लावली. कॅमेरे होतेच. ती चित्रफीत गावोगाव फिरली. नंतर गुन्हा दाखल झाला, डॉक्टरांच्या संघटना चिडल्या, पुढचं पुढं. पण मी शेजाऱ्यांकडून, रिक्षावाल्याकडून, माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकलं ते असं: "बरं झालं. अशीच जिरवायला पाहिजे."

म्हणजे आपल्या मनात पक्कं बसलंय की घाण हा स्वभावाचा दोष आहे. माणूस आळशी, माजलेला, म्हणून घाण. त्याला चारचौघांत लाजवलं की स्वच्छता येईल. अधिष्ठात्यानं संडास घासल्यामुळे त्या मजल्यावरच्या नळाला पाण्याचा दाब वाढला का, सफाई कामगारांची रिकामी जागा भरली गेली का, हे विचारायला त्या दिवशी कुणी थांबलं नाही.

लाजवण्याचा हा प्रयोग जुना आहे. हात धुण्याच्या इतिहासातला पहिला मोठा माणूस त्यातच बुडाला. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वरानं बायका कितीतरी जास्त मरायच्या. गावातल्या बायकांना ते ठाऊक होतं. त्या दुसऱ्या विभागात घ्या म्हणून गयावया करायच्या, काही तर वाटेतच बाळंत व्हायच्या, आणि गंमत म्हणजे रस्त्यावर बाळंत होणाऱ्या त्यांच्यापेक्षा जास्त जगायच्या. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला हे कोडं सुटेना. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा मित्र याकोब कोलेच्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीनं जखमी झाला आणि मेला. त्याचा आजार हुबेहूब बाळंतज्वरासारखा होता. तेव्हा याला उमगलं, विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणीकडे येतात आणि हातावर काहीतरी घेऊन येतात. जंतू ही कल्पना अजून रुजायची होती. त्यानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठराहून जास्त बायका दगावल्या होत्या. उन्हाळा संपता संपता ते प्रमाण दोनाच्या आत आलं.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. पुढची कमी सांगतात. वरिष्ठांनी ते मानलं नाही, आणि सेमेलवाइसनं त्यांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हटलं. तो खरं बोलत होता. पण खुनी म्हटल्यावर कोण हात धुवायला जाईल? १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, जखमेतून रक्तात विष भिनून तो गेला. ज्या रोगाशी भांडला त्याच जातीच्या रोगानं. मेट्रनबाईंना मी एकदा ही गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "त्या चुन्याच्या पाण्याचं भांडं कुठं ठेवलं होतं त्यानं?" मी म्हटलं, दाराशी असणार. "मग बरोबर," म्हणाल्या.

आता हातावर असतं तरी काय? मी नव्या तुकडीला पहिल्या दिवशी एक खेळ दाखवायचे. मेंढीचं रक्त घातलेली अगारची प्लेट असते, काचेच्या बशीत लाल थलथलीत जेली गोठवावी तशी. वॉर्डातून थेट आलेल्या सिस्टरला म्हणायचं, पाच बोटं अलगद टेकवा. मग साबणानं धुवून याच, शेजारच्या प्लेटवर टेकवा. दोन्ही प्लेटा ३७ अंशाला रात्रभर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की पहिल्या प्लेटवर पाच बोटांचे पाच ठसे उमटलेले दिसायचे, जंतूंच्या वसाहतींनी भरलेले. नखांच्या कडेला तर दाट रांगोळी. अंगठीच्या बोटाला वेगळाच रंग. दुसऱ्या प्लेटवर तुरळक पांढरे ठिपके. ते आपल्या त्वचेचे कायमचे रहिवासी, ते जात नाहीत आणि बहुधा त्रासही देत नाहीत. जातात ते पाहुणे, आणि जीव घेतात तेही हे पाहुणेच. एक डॉक्टर ती प्लेट बघून म्हणाले होते, "हा माझा हात नाही." त्यांनीच स्वतःच्या अक्षरात प्लेटवर नाव लिहिलं होतं.

घाणीला हात लावला तरच हात घाण होतो ही समजूत तर डॉक्टरांचीही असते. १९७७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटासा अभ्यास आला. नर्सनी रुग्णाला नुसतं उचललं, नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, खांद्याला हात लावला, एवढ्यानं त्यांच्या हातांवर क्लेबसिएला जातीचे शेकडो जंतू आले. ते दोन-अडीच तासांपर्यंत जिवंत राहू शकत होते. दोन-अडीच तासांत एक सिस्टर किती खाटांपाशी जाते, ते तुम्हीच बघा.

ही क्लेबसिएला आणि तिची चिवट मावसबहीण ॲसिनेटोबॅक्टर, जी कोरड्या पृष्ठभागावरही कितीतरी दिवस तग धरते, या दोघी आपल्या नवजात विभागांच्या जुन्या भाडेकरू. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा मोठा अभ्यास झाला. नवजात विभागात दाखल झालेली साडेतेरा हजार बाळं त्यात होती. सर्वांत जास्त सापडली ॲसिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, आणि बहुतेकांना संसर्ग झाला तो जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत. म्हणजे बाळ अजून धड घरच्यांच्या मांडीवरही गेलेलं नसतं, तेव्हा. किलो-सव्वा किलोचं बाळ, त्याची कातडी ओल्या कागदाइतकी पातळ. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. जुन्या काळी बाळाला धनुर्वात व्हायचा तोही साधारण याच आठवड्यात, नाळेच्या जखमेतून. विळ्यानं, पातीनं नाळ कापायची, वर राख लावायची. लस, स्वच्छ ब्लेड आणि दवाखान्यातली बाळंतपणं आली, आणि २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचा शिक्का जागतिक आरोग्य संघटनेनं मारला. सटवाईची लेखणी आता दुसऱ्यांच्या हातात आहे.

सटवाई आली की सुईण येते, आणि सुईण आली की सोवळं येतं. हे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्या हात धुण्याची खरी गोम तिथं आहे. आपला समाज पाण्याला आणि धुण्याला कमी नाही. बाहेरून आल्यावर पाय धू, मसणातून आल्यावर अंघोळ कर, बाळंतिणीच्या खोलीत जाऊन आलास तर कपडे बदल. शिकवण आहे, आणि चांगली कडक आहे. पण ती सगळी "नंतर"ची आहे. मला विटाळ झाला, तो मी धुऊन टाकतो. मी स्वतःला वाचवतो. बाळंतिणीला हात लावण्याच्या "आधी", तिच्यासाठी, माझा हात धुवायचा, हे त्या शिकवणीत फार थोडं. जिनं नाळ कापायची ती सुईण तर गावानं अस्पृश्य ठरवलेल्या घरातली. तिला गावच्या आडावर पाणी भरू द्यायचं नाही, आणि बाळ दगावलं की तिच्याच घाणेरड्या हातांना बोल लावायचा. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. मी तो कधी पाण्याच्या हक्काचा म्हणून शिकले, कधी माणुसकीचा म्हणून. सुईणीच्या हातांचाही तो प्रश्न होता, हे मला निवृत्तीनंतर सुचलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये हात स्वच्छ करायच्या पाच वेळा सांगितल्या. रुग्णाला हात लावण्याआधी. सुई, सलाइन, ड्रेसिंग अशा निर्जंतुक कामाआधी. रक्त-लघवी यांच्याशी संबंध आल्यावर. रुग्णाला हात लावून झाल्यावर. आणि रुग्णाच्या खाटेला, चादरीला, मॉनिटरला हात लावल्यावर. पहिल्या दोन रुग्णासाठी, पुढच्या तीन आपल्यासाठी आणि पुढच्या रुग्णासाठी. कोपऱ्यात वही घेऊन बसा आणि नोंदी करा. "नंतर"चे रकाने भरतात, "आधी"चे रिकामे राहतात. हे जगभर होतं, त्यात आपली खासियत नाही. पण परदेशात त्याला नुसतं स्वसंरक्षण म्हणून सोडून देतात. मला मात्र त्या रिकाम्या रकान्यात माझी आजी दिसते, माजघराच्या उंबऱ्यावर उभी, "शिवू नको गं" म्हणणारी.

बांगड्यांचंही तसंच. नियम सांगतो, कोपरापासून खाली काही नको. घड्याळ नको, अंगठी नको, बांगड्या नकोत. मी एकदा ऐटीत वॉर्डात जाऊन सांगितलं, "बांगड्या काढा सगळ्यांनी." शांतता. आपल्याकडे बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आणि मी भर वॉर्डात सवाष्ण बायकांना सांगत होते, काढा. एक मावशी पदराला हात पुसत म्हणाली, "मॅडम, मालक जित्ता हाय माझा." मेट्रनबाईंनी मला बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला गॉजपट्टीचा एक तुकडा दिला. बांगड्या कोपराकडे वर सारायच्या आणि पट्टीनं बांधून टाकायच्या. मनगट मोकळं, सौभाग्य शाबूत. मार्गदर्शक पुस्तिकेत हे बसत नाही. मी ते लेखी कळवलंही नाही.

आता पाणी. लातूरमध्ये पाण्यावर बोलायचं म्हणजे काशीत गंगेवर बोलण्यासारखं. २०१६ चा उन्हाळा तुम्ही काढलाय. मांजरा धरण कोरडं, मार्चमध्ये पाणवठ्यांवर जमावबंदी, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. स्टेशनवर लोक ती गाडी बघायला उभे होते, वरात बघावी तसे. त्या दिवसांत मी एका दवाखान्यात नमुने घ्यायला गेले. नळ उघडला, तोटीनं फुस्स केलं. सिस्टर म्हणाली, "नळाला पाणीच येईना गेलंय बगा, हे घ्या." आणि तिनं स्टीलचं भगुणं पुढं केलं. भगुण्यात सॅव्हलॉनचं पाणी. सकाळपासून तेच. डॉक्टर, सिस्टर, मामा, मावशी, सगळ्यांनी त्यातच बोटं बुडवायची आणि खुंटीवरच्या एकाच टॉवेलला पुसायची.

ते भगुणं बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण माझी त्याची जुनी ओळख होती. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी अशाच एका भगुण्यातलं पाणी घेऊन प्लेटवर पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी उष्णपेटीचं दार उघडलं तर पिकल्या द्राक्षांचा गोडसर वास आला. प्लेट हिरवीगार, शेवाळलेल्या तांब्यासारखी. स्यूडोमोनास. जंतुनाशकाच्या पातळ, दिवसभर उघड्या पाण्यात तो सुखानं राहतो, वाढतो. म्हणजे आम्ही जंतू मारायच्या पाण्यात जंतू पाळत होतो आणि प्रत्येक ड्रेसिंगआधी त्यात बोटं बुडवून घेत होतो. ते भगुणं ठेवणाऱ्या सिस्टरची चूक काय? तिच्यापाशी पाणी नव्हतं आणि श्रद्धा होती.

पण ज्या शहरात पाणी आहे तिथं तरी काय? नांदेडचं मोठं सरकारी रुग्णालय विष्णुपुरीला, गोदावरीवरच्या धरणाच्या शेजारी. तिथंही एका सिस्टरला वीस पावलं जायचं आणि वीस पावलं यायचं, तर पाय तेवढेच दुखतात. म्हणून म्हणते, हा प्रश्न पाण्याचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. हिशेब करू. रात्रपाळीला एका सिस्टरकडे आठ बाळं आहेत असं धरा. मी फार जास्त धरलेली नाहीत, इथं बसलेल्या सिस्टर हसतायत ते दिसतंय. प्रत्येक बाळापाशी तासात चारदा हात स्वच्छ करायची वेळ येते असं धरा. बत्तीस वेळा झालं. साबण-पाण्यानं नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, वर जाणं-येणं, कोरडं करणं. दीड मिनिट धरलं तर अठ्ठेचाळीस मिनिटं झाली. तासातली उरली बारा मिनिटं. त्यात आठ बाळांचं दूध, सलाइन, औषध, श्वास, आणि नोंदी. सगळ्या नोंदी भरलेल्या असतात, हे विशेष. म्हणजे ती काय वगळते ते उघड आहे, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच वगळलं असतं.

तोच हात खाटेला टांगलेल्या बाटलीतल्या अल्कोहोलनं चोळला तर २० ते ३० सेकंद. बत्तीस वेळा म्हणजे सोळा मिनिटं, आणि त्यातली निम्मी बाळाकडे बघता बघता होतात. हात दिसायला मळलेला असेल, किंवा काही ठरावीक जुलाबाच्या जंतूंची शंका असेल, तर मात्र साबण-पाणीच हवं, अल्कोहोलचं तिथं चालत नाही. एरवी अल्कोहोल जास्त जंतू मारतं, हात कमी फाटतात कारण त्यात ग्लिसरीन असतं, आणि त्याला नळ लागत नाही, धरण लागत नाही, मिरजेची रेल्वे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कृती तर रुग्णालयाच्या औषधशाळेत करता येईल इतकी सोपी: ८० टक्के इथाइल अल्कोहोल, जेमतेम दीड टक्का ग्लिसरीन, चिमूटभर म्हणावं इतकं हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी उकळून गार केलेलं पाणी. आता जरा आडवळणानं बोलते. अल्कोहोल येतं मळीतून, मळी येते उसातून, आणि मांजराकाठचा ऊस काय पितो यावर लातूरकरांशी मी वाद घालणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत राज्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सॅनिटायझर बनवलं होतं. म्हणजे ज्या पिकानं हात धुवायचं पाणी प्यायलं, त्याच पिकाच्या पोटातून हात स्वच्छ करायचं औषध निघतं. हिशेब कुठंतरी फिटतो म्हणायचा.

त्या टाळेबंदीत आलेले पायानं दाबायचे स्टँड आठवतात? आज ते जिन्याखाली गंजत पडलेत, एकाला छत्री अडकवलेली मी पाहिली. हातमोज्यांची सवय मात्र राहिली, आणि ती वाईट राहिली. एकच जोडी घालून अख्खा वॉर्ड फिरायचा. मोजा सिस्टरला वाचवतो. रुग्णाच्या दृष्टीनं तो न धुतलेला हातच.

सवय कशी लागते ते बघायचं असेल तर नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जा. आत जाताना उथळ वाहत्या पाण्यातून पाय टाकूनच पुढं जावं लागतं. तिथं "कृपया पाय धुवा" अशी पाटी असली काय, नसली काय. लहान पोर, म्हातारी, परदेशातून आलेला पाहुणा, सगळे धुतात, कारण वाटच पाण्यातून आहे. आमच्या वॉर्डात पाट्या सहा असतात. वाट मात्र थेट खाटेवर जाते. बेसिन असलं तर नळ फिरवायचा, म्हणजे स्वच्छ झालेला हात पुन्हा त्याच तोटीला लावायचा. कोपरानं ढकलायचा नळ ऑपरेशन थिएटरमध्ये असतो. वॉर्डात तो का नसावा, याचं उत्तर मला एका अभियंत्यानं दिलं होतं: "वॉर्डातले लोक तोडतात." थिएटरमधले लोक तोडत नाहीत, कारण तिथले नळ बिघडले की सर्जन ओरडतो. नवजात विभागातलं बाळ कुणावर ओरडणार?

शेवटची एक हकीकत सांगते आणि थांबते. बाईंच्या निवृत्तीआधीची दोन-तीन वर्षं. भांडारातून वॉर्डाला पंधरा दिवसांसाठी अल्कोहोलची अर्ध्या लिटरची एक बाटली यायची. ती सिस्टरच्या टेबलावर, वहीशेजारी, फुलदाणीसारखी. पंधरा दिवसांनी निम्मी उरायची. एके दिवशी एका मावशीनं ती उचलली आणि रोलर बँडेजनं बाळाच्या खाटेच्या गजाला बांधली. गाठ सैल होती, बाटली तिरकी लोंबत होती. तिला विचारलं तर म्हणाली, माझी कंबर धरते, सारखं टेबलाकडं कोण जाईल? बाईंनी ते पाहिलं, गाठ घट्ट केली, आणि दुसऱ्या खाटांसाठी बाटल्या मागवल्या. एवढंच. ना प्रशिक्षण, ना शपथ, ना बॅनर. आठवड्याभरात मी बोटांचे ठसे घेतले तर प्लेटा जवळजवळ रिकाम्या. मी त्या तीनदा तपासल्या, आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून. एका बाळाची आजी तर स्वतःच बाटली दाबून हात चोळायला लागली होती आणि येणाऱ्या डॉक्टरकडे अशी बघायची की त्यालाही चोळावे लागायचे.

आणि मग भांडारातून पत्र आलं. वॉर्डाचा अल्कोहोलचा वापर मंजूर प्रमाणापेक्षा कितीतरी पट वाढला आहे, गैरवापराची शक्यता नाकारता येत नाही, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. आंतरराष्ट्रीय मापदंड सांगतो, हजार रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर, म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला २० मिलिलिटर. तीस रुग्णांच्या वॉर्डाला दिवसाला ६०० मिलिलिटर लागतं. आम्हाला पंधरा दिवसांना ५०० मिळत होतं. मी हे सगळं आकडेवारीसह दोन पानांत टाइप केलं, तक्ते जोडले, आणि बाईंच्या सहीसाठी नेलं.

त्यांनी दोन्ही पानं वाचली, बाजूला ठेवली, कोरा कागद घेतला आणि त्यांच्या त्या गोल अक्षरात लिहिलं: "बाटल्या संपल्या, कारण वापरल्या. पुढील मागणी सोबत जोडली आहे." खाली सही, तारीख, जावक क्रमांक.